पोरं वाटू नका

माझे पाय गेले त्या सकाळी मी डबे भरत होते. भाजीच्या डब्याचं झाकण काही केल्या बसेना. मी तळहाताने दाबत होते, पण बोटांत जोरच येत नव्हता. कोमल आली, एका टिचकीत झाकण लावलं आणि हसली. "काकू, म्हातारी झालीस."

तेवढ्यात ओम झोपेतून उठून आला आणि हात वर करून उभा राहिला. त्याला उचलायला वाकले, उचललं, आणि माझे दोन्ही गुडघे कुणीतरी मागून मारल्यासारखे दुमडले. ओमला छातीशी धरून मी फरशीवर बसले. पडले म्हणत नाही, कारण लागलं नाही कुठेच. ओमला वाटलं खेळ आहे. "परत कर," तो म्हणाला.

मी परत करायला उठू लागले. उठताच येईना.

ज्या घरातली बाई अशी अचानक आडवी झाली आहे, त्या घरासाठी हे लिहितेय. आजाराची माहिती डॉक्टर देतील. बाकीचं कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं घर

आम्ही देवळाली कॅम्पात राहतो. माझे यजमान दिलीप शिंपी आहेत. पुढच्या खोलीत दुकान, मागे आमच्या खोल्या. फौजी लोकांच्या वर्द्या शिवायच्या, त्यावर नावाच्या पट्ट्या लावायच्या, हेच वर्षानुवर्षांचं काम.

माझी स्वतःची तीन मुलं. आर्या आणि तिच्या पाठची ओम-सई ही जुळी. माझे थोरले दीर आणि जाऊबाई करोनाच्या दुसऱ्या लाटेत आठवड्याच्या अंतराने गेले. त्यांची तिघं, कोमल, रोहन आणि साक्षी, तेव्हापासून आमच्याकडे आहेत. जुळी तेव्हा झालेलीसुद्धा नव्हती. सासूबाईंचे गुडघे गेलेले, नजर अधू. म्हणजे खाणारी नऊ तोंडं आणि उभं राहून करणारी मी एकटी. कुणी म्हणालं, "कसं करतेस गं वैशाली?" तर मी म्हणायचे, "होतं आपोआप." मला खरंच तसं वाटायचं.

हातोडी

पाय गेले त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी घरात सगळ्यांचीच पोटं बिघडली होती. मुलं दोन दिवसांत बरी झाली. मीही झाले. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. दिवसभर उभं राहून येत असतील, असं मी धरून चालले.

पाय गेले त्या दिवशी जवळच्या डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी मला संडासातून उठता येईना. दिलीपनी उचलून रिक्षात घातलं आणि नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता. त्याने माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता, हललासुद्धा नाही. त्याने पुन्हा मारली. मग हातोडी हळूच खिशात ठेवली. ती ज्या पद्धतीने ठेवली, त्यावरूनच मी ओळखलं की हे साधं नाही.

पाठीतून पाणी काढलं, नसा तपासल्या. संध्याकाळी तोच डॉक्टर आला आणि खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "शरीराची रोगाशी लढणारी शक्ती कधी कधी चुकून आपल्याच नसांवर उलटते. तुमचं तसं झालंय. यातून बहुतेक लोक बरे होतात. पण आधी आणखी बिघडतं, मग सुधारतं. श्वासावर आलं तर मशीन लावावं लागेल."

मी विचारलं, "किती दिवस? सोमवारपासून मुलांची परीक्षा आहे."

डॉक्टरांनी दिलीपकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ताई, दिवस नाही. महिने."

मी हसले. खोटं नाही सांगत, मला हसू आलं. महिने? घरी कणीक भिजवून ठेवली होती मी.

नर्स दर थोड्या वेळाने यायची आणि एका श्वासात आकडे म्हणायला लावायची. सकाळी मी तिशीच्या पुढे गेले होते. अंधार पडला तेव्हा दहापर्यंतही पोचेना. तिने माझा दंड धरून ठेवला आणि डॉक्टरांना हाक मारली. तिची हाक ऐकून मला कळलं की आता मशीनची पाळी आली. दिलीपना मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. काय सांगायचं होतं ते आज आठवत नाही. बहुतेक सईच्या खोकल्याच्या औषधाचं असेल.

पायथ्याशी उभी असलेली माणसं

मशीनवरचा माणूस झोपलेला असतो, असं आम्हाला वाटायचं. मी झोपलेली नव्हते. सुरुवातीचे काही दिवस औषधाच्या गुंगीत गेले, नंतर गळ्याला भोक पाडून तिथून नळी घातली आणि गुंगी उतरली. बोट हलत नव्हतं. ओठ हलत नव्हते. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं बाई बेशुद्ध आहे. पण मी सगळी आत होते. शेजारच्या आजोबांचं कण्हणं, ट्रॉलीची चाकं, फिनेलचा वास, सगळं मला जाणवत होतं.

एका दुपारी भेटीच्या वेळेला दिलीप आणि माझी मोठी नणंद मंगलताई आले. मंगलताई निफाडला असतात. त्यांची द्राक्षबाग आहे. दोघंही माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. जवळ कुणी आलं नाही.

मंगलताई म्हणाल्या, "दिलीप, आता मन घट्ट कर. पोरांचं कायतरी ठरवावं लागल."

"काय ठरवू?"

"थोरल्याची तिघं होस्टेलला टाकू. आर्या माझ्याकडं राहील. जुळी वैशालीच्या माहेरी. तुझ्याच्यानं नाय व्हायचं हे."

मी दिलीपच्या आवाजाची वाट बघत होते. ते आता चिडतील. ताई, काहीही काय बोलता, म्हणतील.

 ते म्हणाले, "जुळ्यांना तरी वेगळं नको करायला."

म्हणजे बाकीचं त्यांना मान्य होतं.

मला ओरडायचं होतं. माझं ओरडणं म्हणजे मशीनचा बीप वाढला, एवढंच. नर्स आली, तिने एक बटण दाबलं, त्या दोघांना बाहेर जायला सांगितलं. मी तिथेच पडून राहिले आणि मनातल्या मनात माझी मुलं तीन ठिकाणी गेली. होस्टेलात कोमल एका खाटेवर, साक्षी दुसरीवर. रोहनला तर मुलांच्या होस्टेलला वेगळंच राहावं लागेल. आई-बाप गेले तेव्हा ही तिघं एकमेकांचे हात सोडत नव्हती. तेव्हाच मी त्यांना म्हणाले होते, आता कुणी कुठे जायचं नाही.

मरणाची भीती मला तोवर वाटली होती. त्या दुपारी पहिल्यांदा मरणानंतरची वाटली.

पर नक वट

पुष्पा सिस्टर सुरगाण्याकडच्या. काळ्यासावळ्या, बारीक, फार न बोलणाऱ्या. त्या रात्रपाळीवरून दिवसपाळीला आल्या आणि माझं तोंड पुसताना थांबल्या. "ताई, तुम्ही माझ्याकडं बघताय का?" त्या वाकून म्हणाल्या. "बघत असाल तर डोळे वर करा."

मी बुबुळं वर केली.

"आता खाली."

खाली केली.

त्यांनी हातातला बोळा ट्रेमध्ये टाकला. "अगं बया," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला रीत शिकवली. त्या मुळाक्षरं म्हणणार, हवं ते अक्षर आलं की मी डोळे वर करायचे. क, ख, ग, घ करत शेवटपर्यंत. काना-मात्रा सोडून द्यायची.

इतक्या दिवसांनी बोलायची संधी मिळाली आणि माझा पहिला शब्द होता न-क. पुष्पा सिस्टर विचारात पडल्या. "नको? काय नको?" मग त्यांनीच म्हटलं, "नाक?" मी डोळे वर केले. त्यांनी माझं नाक खाजवलं. आयुष्यात इतकं सुख मला कशाने झालं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या घाबरल्या, तरी खाजवत राहिल्या.

मग मी दुसरं सांगायला घेतलं. खूप वेळ लागला. मध्ये त्यांना दुसऱ्या पेशंटकडे जावं लागलं, परत आल्या, कुठपर्यंत आलो होतो ते विसरल्या, पुन्हा क पासून सुरू. शेवटी त्यांनी जुळवून मोठ्याने म्हटलं, "पर... नक... वट? हे काय ओ ताई? पर नक वट?"

दोन-तीनदा त्यांनी ते घोळवलं. "पोर नको..." आणि थांबल्या. "पोरं नका वाटू?"

मी डोळे वर केले आणि वरच ठेवले.

"तुमची माणसं इथं उभी राहून तसं काही बोलली, ते तुम्ही ऐकलं?"

वर.

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग कपाळावरचे माझे केस मागे सारले आणि सरळ दरवाजाकडे गेल्या. भेटीची वेळ नव्हती तरी दिलीपना आत घेऊन आल्या. "भाऊ, इथं उशाशी उभे राहा. पायाशी नको. त्यांना सगळं ऐकू येतं. पहिल्यापासून."

दिलीपचा चेहरा मी विसरणार नाही. पांढरा पडला. ते माझ्या डोळ्यांत बघत होते, जणू आतून दुसरंच कुणीतरी बघत होतं. पुष्पा सिस्टरनी माझे शब्द सांगितले. ते पलंगाची कड धरून खाली बसले, पुन्हा उठून उभे राहिले.

"वैशाली, मला झेपत नाही गं," ते म्हणाले. "पहाटे उठतो तरी डबे होत नाहीत. आई पडली परवा. दुकानातलं काम तसंच पडलंय. मी काय करू ते तूच सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. असतं तरी ते अक्षर अक्षर करून सांगायला दिवस गेला असता. मी फक्त त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी ते म्हणाले, "नाही वाटत. कुणी नाही वाटत. तू ये."

घरी

मशीन सुटलं, गळ्याची नळी निघाली, आवाज आला. घोगरा, पण माझाच. मला घरी सोडलं तेव्हा मी उशीला टेकून बसू शकत होते आणि उजव्या हाताने चमचा धरू शकत होते. एवढंच.

दारातून मला खुर्चीवर बसवून आत नेलं. सई माझ्याजवळ आलीच नाही. गळ्यावरची पट्टी बघून ती सासूबाईंच्या मागे लपली आणि विचारलं, "ही कोण?"

कोमलने पाण्याचा पेला पुढे केला. तिच्या मनगटावर भाजल्याचा लांब डाग होता.

"हे कधी झालं?"

"झालं कधीतरी."

"कॉलेजला काय सांगितलंस?"

तिने बाही खाली ओढली. रोहन म्हणाला, "ती जातच नाहीये कॉलेजला. कधीपासून."

मी दिलीपकडे पाहिलं, त्यांनी नजर फिरवली. म्हणजे मुलं वाटली गेली नव्हती, पण त्यासाठी एक मूल खर्ची पडत होतं. माझ्या एका वाक्याचं ओझं या पोरीने उचललं होतं. अकरावीतली मुलगी. मला दवाखान्यात कळलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

पाहुणे येत. शहाळी आणत, सफरचंदं आणत. सगळे निघताना दारात एकच वाक्य म्हणत, "काही लागलं तर सांगा हं." मी म्हणे, "हो." त्यांना खरंच मदत करायची असे, यात शंका नाही. पण काय सांगणार? मला संडासला नेऊन आणायला माणूस लागतं, हे भावकीतल्या पाहुण्याला सांगायचं? जुळ्यांची नखं वाढलीत, हे सांगायचं? सांगायलाही ताकद लागते. सफरचंदं मात्र इतकी साठली की मुलं त्यांना कंटाळली.

भांडायला आलेली बाई

हेमा भाभी आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. त्या मूळच्या उत्तराखंडच्या, त्यांचे मिस्टर इथे हवालदार. दिलीपनी त्यांच्या मिस्टरांच्या वर्दीवर भलत्याच माणसाच्या नावाची पट्टी शिवली होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुकानात कुणी नव्हतं म्हणून त्या वर्दी घेऊन सरळ आत आल्या.

"टेलर भैया कहाँ हैं? ये देखिए, मेरे आदमी का नाम ही बदल दिया!"

आत काय चाललं होतं ते सांगते. दिलीप मला उचलून पलंगावर घेत होते. ओमने दूध सांडलं होतं आणि त्यातच बसला होता. सासूबाई भिंत धरून ओरडत होत्या. कोमल गॅसपाशी उभी राहून रडत पोळ्या लाटत होती.

हेमा भाभींनी एकदा सगळीकडे पाहिलं. वर्दीची घडी केली आणि निघून गेल्या. मला वाटलं, एक गिऱ्हाईक गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. फळं नव्हती हातात. माझ्या पलंगाशी स्टूल ओढून त्यांनी विचारलं, "सबसे बुरा टाइम कौन सा है?"

"मतलब?"

"दिन में. कब सबसे ज़्यादा लगता है कि मर जाऊँ?"

इतके लोक येऊन गेले होते, पण हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "सकाळी. सुबह. जेव्हा सगळ्यांना एकदमच सगळं हवं असतं."

"ठीक है. सुबह मेरी."

मी म्हणाले, नको, आम्ही करतो, होतं आमचं. त्यांनी ऐकल्यासारखं केलंच नाही.

उजाडता उजाडता त्या आल्या. सोबत आणखी एक बाई, बेळगावकडची. तिने काही न बोलता कणकेचा डबा शोधला. सासूबाईंना धक्काच बसला. "ह्या कोण बाया? परक्या माणसाला डबे उघडून दावायचे का आता?" दिलीप तर दुकानात जाऊन बसले. रात्री मला म्हणाले, "गिऱ्हाईक आहेत त्या आपलं. त्यांच्या हातून आपण भांडी घासून घ्यायची? लाज वाटते मला."

"मलाही वाटते," मी म्हणाले. "पण कोमल उद्या कॉलेजला जाणार आहे."

लाज म्हणजे काय, ते मी सांगते. ज्या हेमा भाभींचं आडनावही मला माहीत नव्हतं, त्यांनी मला आंघोळ घातली. मी डोळे मिटून घेतले होते. त्या साबण लावता लावता म्हणाल्या, "मेरा ऑपरेशन हुआ था तब हम नए-नए पोस्टिंग पर थे. आदमी बॉर्डर पर. पड़ोसन ने नहलाया. मुझे उसकी बोली भी नहीं आती थी." एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

फौजी बायकांची ही रीत मला माहीत नव्हती. वर्षानुवर्षं त्यांच्या नवऱ्यांच्या वर्द्या आमच्या घरात शिवल्या जात होत्या, आणि त्या एकमेकींचे संसार कशा ओढतात हे मला कळलं नव्हतं. माहेर लांब, सासर लांब, नवरा कधीही हलणार. त्यामुळे त्या विचारत बसत नाहीत, एक वेळ धरतात आणि तेवढी निभावतात. बेळगावच्या ताई जुळ्यांना आपल्या मुलासोबत खेळायला नेऊ लागल्या. संध्याकाळचा अभ्यास आणखी एकीने घेतला.

राग

घर चालू लागलं. आणि मला काय झालं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मला वाईट वाटू लागलं.

डबे वेळेवर जात होते. आर्याच्या वेण्या माझ्यापेक्षा घट्ट घातल्या जात होत्या. सई "आँटी, आँटी" करत हेमा भाभींच्या पदराला धरून फिरायची. मी पलंगावरून बघत राहायचे. जे घर माझ्याशिवाय एक दिवस चालणार नाही असं मला वाटत होतं, ते माझ्यासमोरच चाललं होतं.

एक दिवस हेमा भाभींनी आमटीला मोहरीच्या तेलाची फोडणी दिली. त्या वासाने माझं डोकं फिरलं. मी इतकी ओरडले, इतकी ओरडले. हे माझं स्वयंपाकघर आहे, तुमचं नाही, निघा इथून, असं काहीबाही. कोमल दारात थिजली. गळ्यातल्या व्रणातून कळ आली तरी मी थांबले नाही.

हेमा भाभींनी गॅस बारीक केला. जवळ येऊन माझ्याकडे निरखून पाहिलं. "इतनी ज़ोर से चिल्लाई? अच्छा है. फेफड़े बढ़िया हो गए तेरे."

मला रडू की हसू कळेना. दोन्ही झालं. आमटी सगळ्यांनी खाल्ली. ओमने दोनदा मागून घेतली.

त्यानंतर त्या मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवू लागल्या. लसूण सोलायला देत. एक पाकळी सोलायला मला इतका वेळ लागे की फोडणी थांबून राही. त्या थांबत.

फोन

मी वॉकर धरून दारापर्यंत जाऊ लागले होते, तेव्हा त्यांच्या मिस्टरांची बदली झाली. फौजेत बदली म्हणजे बदली. सामानाचा ट्रक आला, लोखंडी पेट्या चढल्या. निघताना त्या फार काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सुबह का सोच ले. किसी को बोल. मुँह से बोल."

कोमलची वार्षिक परीक्षा तोंडावर होती. बेळगावच्या ताईही गावी गेलेल्या. दिलीप म्हणाले, "करू कसंतरी." कसंतरी म्हणजे कोमल, हे मला आता पक्कं ठाऊक होतं.

मी मंगलताईंना फोन लावला. दवाखान्यातल्या त्या दुपारनंतर मी त्यांच्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोलले नव्हते. त्या दोन-तीनदा येऊन गेल्या, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

"ताई, मला सकाळी माणूस हवंय," मी म्हणाले. "डबे करायला आणि मला न्हाणीत न्यायला. कोमलची परीक्षा संपेपर्यंत. याल का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ताई?"

"येते. उद्याच येते." त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू मला कधी बोलवायचीच नाय."

द्राक्षांची काढणी चालू होती. ती सून आणि मुलावर टाकून त्या दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन हजर झाल्या.

बोलून टाकलं

चार-पाच दिवस आम्ही कामापुरतं बोललो. त्या मला धरून न्हाणीत न्यायच्या, पाठ चोळायच्या, टॉवेल गुंडाळायच्या. त्यांचे हात कडक, पण जपून लागायचे. एका दुपारी मुलं शाळेत, दिलीप दुकानात, सासूबाई झोपलेल्या. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. मी म्हणाले, "ताई, तुम्ही दवाखान्यात पोरं वाटत होतात. मी ऐकलं होतं सगळं."

"ठाऊक हाय. दिलीपनं सांगितलं मला."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? चुकलं म्हणू?" त्यांनी शेंग खाली ठेवली. "वैशाली, डॉक्टर म्हणले होते, सांगता येत नाय. दिलीप ठार गप झालेला. आई रडत बसलेली. कुणीतरी ते बोलायलाच पायजे होतं. मी बोलले. तू ऐकायला नको होतं, हे खरं. मला त्याचं लय वाईट वाटतं. पण बोलल्याचं नाय वाटत."

मी इतके महिने या क्षणाची तयारी केली होती. त्या रडतील, माफी मागतील, मग मी मोठ्या मनाने जाऊ द्या म्हणेन. त्यांनी माझ्या हातातलं सगळंच काढून घेतलं.  कारण त्यांचं खरं होतं. थोरले दीर-जाऊबाई गेले तेव्हा कुणीच काही ठरवलेलं नव्हतं, आणि ती तिघं दोन दिवस शेजारच्यांच्या दारात बसून होती. मीच त्यांना तिथून आणलं होतं.

आणखी एक शेंग सोलून मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, हा आजार क्वचित परत येतो. ताई, परत आला आणि मी नाही वाचले तर?"

कुणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, असं अभद्र बोलू नकोस. मंगलताईंनी विचार केला. खरोखरच केला, आढ्याकडे बघत.

"तुझं काय म्हणणं हाय ते सांग," त्या म्हणाल्या. "आता तोंड हाय तुला."

"सहाही जणं एकत्र राहायला हवीत. याच घरात. शाळा बदलायची नाही."

"मग मलाच इकडं यावं लागल."

"याल?"

"येईन. बाग पोरगा बघतोच हाय आता. पण दिलीपला सांग, त्यानं तेव्हा दुकानात जाऊन बसायचं नाय. पोरांच्या वेण्या घालायला शिकायचं."

"सांगते."

"आणि मी मोहरीच्या तेलाची फोडणी देत नसते, तेवढं बरं हाय तुझं."

म्हणजे कोमलने तेही सांगितलं होतं त्यांना.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत माझ्या छातीवर जे बसलं होतं, ते मशीन काढलं तेव्हाही हललं नव्हतं. ते त्या दुपारी मटारच्या सालांच्या ढिगाशेजारी कुठेतरी उतरलं. आपल्या मरणाबद्दल कुणाशी इतकं सरळ बोलता येतं आणि त्याने इतकं हलकं वाटतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आज मी काठी घेऊन चालते. जिना चढताना कठडा लागतो. बोटांची टोकं अजून बधिर आहेत, सुई ओवता येत नाही. कोमल बारावीला आहे. तुमच्या ओळखीत अशी कुणी आडवी झालेली बाई असेल तर सफरचंदं नेऊ नका. तिची वाईट वेळ विचारा आणि ती वेळ धरा. आणि तुम्हीच ती बाई असाल तर तोंडाने मागा. माझ्यासारखं अक्षर अक्षर करून मागायची पाळी येऊ नये.

त्या दुपारी मात्र आम्हाला एवढं शहाणपण सुचलं नव्हतं. आम्ही नुसत्या बसून होतो. मटार सोलून थकलेला माझा हात डोळ्यांपर्यंत जाईना म्हणून मंगलताईंनी आपल्या पदराने माझे पुसले, मग स्वतःचे. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"झालं तुझं मरून?" त्या म्हणाल्या. "मग जेवायला वाढते. पोरं यायच्या आत दोघी गरम गरम खाऊन घेऊ."